हँडल डावीकडे वळवलं की फ्यूज उडतो: आरएक्स १०० ची वायरिंग नवीन टाकूनही परत परत येणारा प्रॉब्लेम

मित्रांनो, यामाहाची जुनी टू स्ट्रोक मोटरसायकल आरएक्स १०० ज्यांच्याकडे आहे त्यातल्या बऱ्याच जणांना हा त्रास झाला असणार किंवा पुढे होणार, म्हणून जरा सविस्तर लिहितोय. गाडी वडिलांची आहे, ९३ सालची, घरात माझ्या आधी आलेली, त्यामुळे विकायचा विषयच नाही. दीड वर्ष हा प्रॉब्लेम मागे लागला होता, तीन वेळा दुरुस्ती झाली, एकदा पूर्ण वायरिंग किट बदलून झालं आणि तरी परत तेच. शेवटी घरी पूर्ण हार्नेस (गाडीच्या सगळ्या वायरींचं जुडगं) नवीन बांधला, तेव्हा गेला.

आधी लक्षणं सांगतो, म्हणजे तुमचा प्रॉब्लेम हाच आहे का ते जुळवून बघता येईल. गाडी चालवताना अचानक हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट सगळं एकदम बंद. इंजिन चालू, हेडलाइट पण चालू. साइड पॅनेल काढून बघितलं की फ्यूज उडालेला. नवीन फ्यूज टाकला की सगळं चालू, कधी दोन दिवस, कधी तीन आठवडे, आणि मग परत. दुसरी गोष्ट, जी मी बरेच दिवस वेगळी समजत होतो, ती म्हणजे हळू यू टर्न मारताना कधीकधी इंजिन बुक्कन बंद व्हायचं आणि हँडल सरळ केलं, किक मारली की लगेच चालू. त्यासाठी कार्ब्युरेटर दोनदा साफ करून घेतला, प्लग बदलला, काही उपयोग नाही झाला. दोन्ही आजार एकाच जागेचे होते हे नंतर कळलं.

आता फ्यूज उडाल्यावर इंजिन का चालू राहतं, हे समजलं की अर्धं काम सोपं होतं. आरएक्सचा स्पार्क बॅटरीवर नाहीच. मॅग्नेटमधली (इंजिनबरोबर फिरून वीज बनवणारा भाग) एक कॉइल सीडीआयला (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) थेट करंट देते, म्हणून बॅटरी पूर्ण काढून ठेवली तरी गाडी किकवर चालू होते. हेडलाइट पण मॅग्नेटच्या लायटिंग कॉइलवर, म्हणजे एसीवर. बॅटरी आणि फ्यूजवर फक्त हॉर्न, इंडिकेटर, ब्रेक लाइट, न्यूट्रलचा दिवा एवढंच. म्हणूनच लोक फ्यूज उडालेल्या गाड्या महिनोन्महिने तशाच चालवतात, आणि मागून येणाऱ्याला ब्रेक लाइट दिसत नाही. मला खंबाटकी घाट उतरताना रात्री कळलं की मागचा ब्रेक लाइट पेटतच नाहीये, मागचा ट्रक हॉर्नवर हॉर्न मारत होता आणि मला वाटलं साइड मागतोय. त्या दिवसानंतर मी हे काम मनावर घेतलं.

आणि इंजिन बंद कशाने करतो आपण? चावीने. चावी ऑफ केली की काळी वायर, जिच्यावर पांढरी पट्टी असते, ती अर्थला (गाडीच्या बॉडीला) जोडली जाते आणि सीडीआय स्पार्क देणं थांबवतो. म्हणजे ही काळी-पांढरी वायर कुठेही सोलली गेली आणि चेसीला लागली की गाडीला वाटतं चावी बंद केली. यामाहाच्या वायरिंगमध्ये लाल म्हणजे बॅटरीकडून फ्यूजमधून चावीकडे जाणारी, तपकिरी म्हणजे चावी ऑन केल्यावर करंट येणारी, आणि नुसती काळी म्हणजे अर्थ. आता चावी कुठे आहे? पुढे, मीटरजवळ. म्हणजे लाल पुढे जाते, तपकिरी परत मागे येते, काळी-पांढरी पण तिथूनच, आणि या सगळ्या वायरी हँडलच्या गळ्याजवळून एकाच जुडग्यात जातात. तिथे घासलं की तपकिरी लागली तर फ्यूज उडणार, काळी-पांढरी लागली तर इंजिन बंद होणार. माझ्या गाडीत कधी हे व्हायचं कधी ते.

पहिल्या गॅरेजवाल्याने फ्लॅशर (इंडिकेटरची उघडझाप करणारा भाग) बदलला. दुसऱ्याने हॉर्न बदलला, आणि जाताना सांगितलं की १० चा फ्यूज कमी पडतोय, २० चा टाका. हे कृपया कोणीही करू नका. हिशोब करून बघा ना, दोन इंडिकेटर १० वॅटचे म्हणजे २० वॅट, भागिले १२, साधारण १.७ अँपिअर. ब्रेकचा बल्ब २१ वॅट, पावणेदोन अँपिअर. हॉर्न धरा दोन अडीच. सगळं एकाच वेळी चालू केलं तरी सहाच्या आसपास. १० अँपिअरचा फ्यूज यात कमी पडूच शकत नाही, उडतोय म्हणजे कुठेतरी वायर बॉडीला लागतेय. २० चा टाकला किंवा फ्यूजच्या जागी तांब्याचे धागे गुंडाळले तर शॉर्ट तिथेच राहतो, फक्त फ्यूजच्या ऐवजी वायर तापते, आणि ही वायर पेट्रोलच्या टाकीच्या बरोब्बर खालून जाते. वडिलांनी मागे कधीतरी असाच धागा गुंडाळलेला होता, मी टाकी काढली तेव्हा जुन्या वायरिंगमधल्या तपकिरी वायरचं प्लास्टिक वीतभर वितळून शेजारच्या वायरला चिकटलेलं होतं. ते बघून पोटात गोळा आला.

तिसऱ्या वेळी पुण्यातल्या नाना पेठेतून तयार वायरिंग किट आणून बसवून घेतलं. चार महिने मस्त चाललं आणि पावसाळ्यात परत सुरू. इथे मी हताश झालो होतो खरं सांगतो, कारण नवीन वायरिंगमध्ये शॉर्ट कसा?

मग मामाने, जे एसटीच्या वर्कशॉपमध्ये होते, त्यांनी एक पद्धत सांगितली आणि ती इतकी चांगली आहे की फक्त ती कळावी म्हणून सुद्धा हे लिहायला मी बसलो असतो. फ्यूज काढायचा आणि फ्यूजच्या जागी १२ व्होल्ट २१ वॅटचा बल्ब जोडायचा. होल्डरला दोन वायरी, त्या फ्यूजच्या दोन टोकांना. बस. आता शॉर्ट झाला तरी बल्बमधून पावणेदोन अँपिअरच्या वर करंट जाऊच शकत नाही, त्यामुळे फ्यूज उडत नाही, वायर तापत नाही, आणि शॉर्ट झाल्या क्षणी बल्ब फुल पेटतो. म्हणजे एक-एक फ्यूज जाळत बसायची गरज नाही, शॉर्ट डोळ्यांनी दिसतो.

हा बल्ब वाचायला मात्र शिकावं लागतं. चावी ऑफ, बल्ब विझलेला पाहिजे. चावी ऑफ असताना पेटला तर लाल वायर लागतेय, म्हणजे फ्यूज ते चावीच्या मध्ये. चावी ऑन केली आणि गाडी न्यूट्रलला आहे, तर मीटरमधला न्यूट्रलचा दिवा पेटेल पण टेस्टचा बल्ब विझलेलाच दिसेल, कारण छोट्या बल्बमधून जाणाऱ्या थोड्याशा करंटने मोठा पेटत नाही. ब्रेक दाबला की दोन्ही बल्ब अर्धवट पिवळसर पेटतील, दोघं व्होल्टेज वाटून घेतात, हा शॉर्ट नाही. फुल पांढरा, इंडिकेटर किंवा ब्रेकसारखा लख्ख पेटला तरच शॉर्ट समजायचा. हे आधी नीट बघून घ्या नाहीतर चांगल्या वायरी कापत बसाल.

रात्री पार्किंगमधला लाइट बंद करून बसलो, बल्ब सीटवर ठेवला, चावी ऑन. काही नाही. मागचा मडगार्ड हलवला, इंडिकेटर हलवले, सीटखालचं जुडगं दाबून ओढून बघितलं, काही नाही. मग हँडल हळूहळू उजवीकडे नेलं, काही नाही. डावीकडे नेलं, आणि शेवटच्या बोटभर अंतरात बल्बाने एकदा डोळा मिचकावला. परत आणलं, विझला. परत नेलं आणि दाबून धरलं, लख्ख. दीड वर्ष जे सापडत नव्हतं ते पाच मिनिटांत सापडलं. टाकी काढली, गळ्याजवळची टेप ब्लेडने उभी चिरली, तर आत तपकिरी वायरला गव्हाच्या दाण्याएवढी जखम, तांबं उघडं आणि काळं पडलेलं, आणि तिच्याच शेजारी काळ्या-पांढऱ्या वायरचे दोनच धागे बाहेर आलेले. खाली टी चा (हँडलबरोबर वळणारा, फोर्क धरणारा भाग) स्टॉपर चेसीला जिथे टेकतो तिथे पेंट घासून पत्रा चकचकीत झालेला. हँडल डावीकडे पूर्ण वळलं की जुडगं त्या दोन लोखंडांच्या मध्ये यायचं.

मग प्रश्न हा की नवीन किटमध्ये हे का झालं. कारण लांबी. किट पुढच्या बाजूला दोन-अडीच इंच आखूड होतं, त्यामुळे बसवणाऱ्याने ते सगळ्यात जवळच्या वाटेने ओढून घेतलं आणि गळ्याला दोन टाय मारून आवळून टाकलं. ढील नावाला नाही. वायर हलायला जागा नसली की हँडलबरोबर ती वळत नाही, ओढली जाते आणि जिथे कडा आहे तिथे कापली जाते. वायर चांगली होती, वाट चुकीची होती. म्हणून मी म्हणतो टेप मारून दुरुस्ती करू नका, मी केली असती तर चार महिन्यांनी परत इथेच आलो असतो.

आता हार्नेस बांधायचं. ज्यांना वाटतं हे फार अवघड आहे त्यांना सांगतो, अवघड नाहीये, वेळखाऊ आहे, मला तीन रविवार लागले. वायर घेताना मल्टिस्ट्रँड ऑटो वायरच घ्या, घरातली फिटिंगची उरलेली वायर नको, तिचं प्लास्टिक इंजिनजवळची उष्णता आणि पेट्रोलचा ओलावा सहन करायला बनवलेलं नसतं. मी बॅटरी आणि चार्जिंगला १.५ स्क्वेअर एमएम, तपकिरी मेन, हेडलाइट आणि अर्थला १, आणि इंडिकेटर, न्यूट्रल, हॉर्नच्या बटनाला ०.५ घेतली. शक्य तेवढे यामाहाचेच रंग मिळवा, थोडं फिरावं लागेल, मला अर्धे रंग नाना पेठेत आणि बाकीचे तपकीर गल्लीत मिळाले. सगळी वायरिंग लाल आणि काळ्या दोनच रंगात करणारे लोक बघितलेत मी, आणि पुढच्या माणसाला त्याचा किती त्रास होतो तेही बघितलंय.

जुनी वायरिंग काढण्याआधी प्रत्येक टोकाला कागदी टेप लावून नाव लिहा, फोटो काढा, आणि एका मोठ्या कागदावर हाताने नकाशा काढा, छापील डायग्राम मिळाला तरी काढा, कारण काढताना डोक्यात बसतं.

लांबी मोजायला मी सुतळी वापरली. हार्नेस टेबलावर बांधायचा नाही, गाडीवर बांधायचा. ज्या बाजूने जुडगं नेणार त्याच्या विरुद्ध बाजूला हँडल पूर्ण वळवून लॉक करा, कारण तेव्हा वाट सगळ्यात लांब होते, आणि त्या स्थितीत सुतळी डोमपासून (हेडलाइटच्या वाटीपासून) गळ्याजवळून टाकीखालपर्यंत सैलसर न्या. मग हँडल दुसऱ्या टोकाला वळवा आणि बघा सुतळी कुठे चिमटतेय का, स्टॉपरच्या मध्ये येतेय का, क्लचच्या केबलखाली दबतेय का. चिमटली तर वाट बदला. मी गळ्याजवळ एक सैल अर्धगोल ठेवला, स्टॉपरच्या वरून जाणारा, आणि टाय फक्त दोन ठिकाणी, एक टाकीखाली चेसीला आणि एक डोममध्ये शिरताना. मधला भाग मोकळा. तो मोकळा भाग टेपने घट्ट गुंडाळू नका, नुसती मऊ स्लीव्ह घाला, वायरी आतल्या आत एकमेकींवर सरकल्या पाहिजेत. आणि या भागात एकही जॉइंट नको. जॉइंट एकतर डोममध्ये नाहीतर टाकीखाली.

जॉइंटबद्दल वाद होतात म्हणून माझं मत सांगतो. मी सोल्डर नाही केलं, सगळं क्रिंप केलं, म्हणजे पिना वायरवर दाबून बसवल्या. सोल्डर पातळ होऊन वायरच्या धाग्यांमध्ये वर चढतं आणि तेवढा भाग काडीसारखा कडक होतो, मग टू स्ट्रोकच्या व्हायब्रेशनमध्ये जिथे कडक भाग संपतो तिथेच वायर तुटते, बाहेरून प्लास्टिक शाबूत आणि आत तुटलेली, असला फॉल्ट शोधणं म्हणजे शिक्षा आहे. क्रिंपला मात्र पक्कड चालत नाही, क्रिंपिंग टूल घ्या. पिनेला दोन जोड्या पंख असतात, पुढचे उघड्या तांब्यावर आणि मागचे प्लास्टिकवर बसले पाहिजेत. मागचे पंख वायरीचा ताण घेतात, ते तांब्यावर दाबले तर पिन सहा महिन्यांत निघते. वायर सोलताना एकही धागा कापला गेला तर ते टोक कापून परत सोला. आणि प्रत्येक पिन हाताने चांगली ओढून बघा, मी सुरुवातीच्या दहा-बारा पिना अशाच उपटल्या आणि परत केल्या, मग हात बसला. हीट श्रिंकची (गरम केल्यावर आवळून बसणारी) नळी पिन बसवायच्या आधी वायरमध्ये ओवायची असते, हे विसरू नका.

अर्थिंगवर जरा जास्त बोलतो कारण बहुतेक जण इथेच काटकसर करतात. पुढच्या इंडिकेटरची, हॉर्नची, मीटरची अर्थ बरेचदा हँडलच्या लोखंडातून चेसीत जाते असं धरून चालतात. पण हँडल आणि चेसीच्या मध्ये काय आहे? कोन सेट, ग्रीसमध्ये बुडालेल्या गोळ्या. वळवलं की कधी कॉन्टॅक्ट नीट, कधी नाही. मग इंडिकेटर मंद, हॉर्न घोगरा. मी डोममधल्या सगळ्या अर्थ एकत्र करून एक वेगळी १ ची काळी वायर थेट बॅटरीच्या मायनसपर्यंत आणली. मागच्या बाजूला पण तसंच, मागचा मडगार्ड रंगवला की पेंटमुळे अर्थ जाते. ब्रेक दाबल्यावर मागचा इंडिकेटर मंद मंद पेटत असेल तर बल्ब बदलू नका, तिथली अर्थ तुटलीय, करंट परतीची वाट दुसऱ्या बल्बातून शोधतोय. चेसीला जिथे लग (वायरच्या टोकाची बोल्टमध्ये बसणारी पट्टी) लावाल तिथे पेंट खरवडून पत्रा पांढरा करा, बोल्ट आवळा आणि वरून ग्रीसचा हात फिरवा, नाहीतर कोकणातल्या एका पावसाळ्यात तिथे गंज येतो.

अर्थ चांगली आहे का हे मल्टिमीटरच्या बीपवर ठरवू नका. एक धागा जरी जोडलेला असला तरी बीप वाजतो. ब्रेक दाबून धरा, मल्टिमीटर डीसी व्होल्टवर, एक टोक बॅटरीच्या मायनसला आणि दुसरं ब्रेक लाइटच्या होल्डरच्या अर्थला. ०.१, ०.२ व्होल्ट आला तर उत्तम, अर्ध्या व्होल्टच्या वर आला तर मध्ये कुठेतरी खराब जॉइंट आहे. माझ्या जुन्या वायरिंगवर इथे १.४ दाखवत होतं, नवीनवर ०.०८. वायर जाडच हवी असा अनेकांचा आग्रह असतो पण १ स्क्वेअर एमएम तांब्याचा रेझिस्टन्स दर मीटर लांबीला साधारण १७-१८ मिलिओहम, एवढ्या छोट्या गाडीत वायर व्होल्टेज खात नाही, जॉइंट खातात.

काळ्या-पांढऱ्या वायरबद्दल दोन सूचना. हिला चुकूनही बॅटरीचा करंट देऊ नका, तपकिरीशी गल्लत झाली तर सीडीआय जाऊ शकतो. आणि इंजिन चालू असताना तिच्या उघड्या टोकाला हात लावू नका, जोरात झटका बसतो. हेडलाइटची एसी लाइन पण बॅटरीच्या लाइनला कुठे जोडायची नाही. एलईडी हेडलाइट टाकायचा म्हणून काही जण फीड तपकिरीवरून घेतात, मग ती छोटी बॅटरी आठवड्यात बसते कारण चार्जिंग कॉइल तेवढी देतच नाही.

सगळं जोडून झालं की पहिल्यांदा फ्यूज टाकून चावी फिरवू नका. परत तोच बल्ब फ्यूजच्या जागी. चावी ऑन, हँडल या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस वेळा, सीटवर कोणालातरी बसवून शॉकअप दाबून, मग इंजिन चालू करून रेस देत परत हँडल. बल्ब एकदाही लख्ख पेटला नाही तर मग १० चा फ्यूज. त्यानंतर रेस देऊन बॅटरीवर व्होल्टेज बघा, १३.५ ते १४.५ च्या मध्ये पाहिजे. १५ च्या वर जात असेल तर रेग्युलेटर खराब आहे, तो बॅटरी उकळवेल आणि बल्ब पण उडवत राहील.

ज्यांच्याकडे हँडल वळवून बल्ब पेटत नाही त्यांनी पुढच्या जागा बघाव्यात. मागच्या इंडिकेटरची वायर मडगार्डच्या भोकातून जाते तिथलं रबरी ग्रोमेट गायब असतं आणि पत्र्याची कडा वायर कापते, किंवा डबल सीट बसल्यावर टायर आतून घासतो, म्हणून मागे माणूस बसल्यावरच फ्यूज उडत असेल तर थेट तिथे बघा. ब्रेक दाबल्यावरच उडत असेल तर ब्रेक स्विचपासून मागच्या होल्डरपर्यंतची वायर, होल्डरमध्ये स्प्रिंग गंजून आतली पट्टी बॉडीला टेकते. हॉर्न दाबल्यावर उडत असेल तर हॉर्नच्या दोन्ही पिना काढून बटन दाबा, उडला नाही तर हॉर्न आतून गेलाय, बदला. फक्त पावसात उडत असेल तर डोम उघडून बघा, मीटरच्या केबलच्या भोकातून पाणी आत येतं आणि पिनांवर हिरवट थर बसतो. माझ्या जुन्या डोममध्ये तळाला कोरडा चिखल होता, पाणी जायचं भोक बुजलेलं, ते खिळ्याने मोकळं केलं.

गाडी एक पूर्ण पावसाळा चालली, पुणे-सातारा अनेक वेळा, वरंध घाटातून एकदा महाडला. फ्यूज तोच आहे. यू टर्नला इंजिन एकदाही बंद पडलं नाही. नुकतीच टाकी काढली होती तेव्हा गळ्याजवळची स्लीव्ह उघडून बघितली, तपकिरी वायरवर साधा ओरखडा पण नाही, स्टॉपरवर मारलेला रंग पण तसाच आहे. नकाशाचा कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून साइड पॅनेलच्या आत ठेवलाय, आणि त्याच्याबरोबर तो दोन वायरींचा बल्ब.